ओल्या फांदीतला डाव: हातानं लाकडी चमचा कोरायचा तर

माझा पहिला डाव गच्चीवर फुटला. मे महिना होता. आंब्याच्या फांदीतून दोन रविवार खपून कोरला होता. लवकर वाळावा म्हणून पाण्याच्या टाकीवर उन्हात ठेवला आणि जेवून परत वर गेलो, तर वाटीच्या टोकापासून मानेपर्यंत चीर गेलेली, नख आत जाईल एवढी. गल्लीतल्या मेस्त्रींना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ओलं लाकूड कोण कोरतंय वो? वाळवून घ्या, मग काय ते करा की."

मेस्त्रींचं म्हणणं दाराच्या चौकटीसाठी सोळा आणे खरं. डावासाठी नाही. वाळलेला पेरू किंवा आंबा नुसत्या सुरीनं कोरायला बसा. अर्ध्या तासात मनगट सुजेल आणि पातं घसरून बोटात जाईल ते वेगळंच. ओलं लाकूड दुधी भोपळ्यासारखं कापलं जातं असं म्हणणार नाही, पण कच्च्या कैरीसारखं नक्की. ओल्यात कोरायचं आणि सावकाश वाळवायचं, एवढाच या छंदाचा पाया. माझ्या चुका दोन होत्या: फांदीचा गाभा तसाच ठेवला आणि वाळवायची घाई केली. दोन्हींबद्दल पुढे सांगतो.

लाकूड

बेळगाव-खानापूर भागात राहणाऱ्याला लाकडासाठी दुकान शोधावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात वळीव आला की दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेला आंब्या-जांभळाच्या मोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, परसातला पेरू दर वर्षी कुणी ना कुणी छाटतंच. ज्याचं झाड त्याला विचारावं आणि दोन हात लांबीचा तुकडा उचलावा. उभं झाड मात्र डावासाठी तोडू नये. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड पाडायला परवानगी लागते, स्वतःच्या रानातल्या झाडालासुद्धा बऱ्याचदा. जांबोटी-कणकुंबीकडे फिरायला गेलात तर जंगलातून काही आणू नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथली काडीसुद्धा तिथेच राहू द्यावी.

माझी पहिली पसंती पेरूला. लाकूड बारीक पोताचं, चिवट, आणि फांद्या मुळातच वाकड्यातिकड्या, त्यामुळे डावाला हवा तो बाक आयता मिळतो. शिवण मिळाली तर सोडू नका. हलकी, फिकट, सुरीला मऊ आणि वाळताना फार वेडीवाकडी होत नाही. शिकायला तिच्याइतकं चांगलं लाकूड नाही. आंबा सगळीकडे मिळतो, ओला असताना छान कापला जातो, पण त्याच्या तंतूंच्या रेषा मध्येच दिशा बदलतात आणि चार दिवस तसाच ठेवला की काळपट डाग धरतो. फणस पिवळाधमक, वर्षा-दोन वर्षांत मधासारखा तपकिरी होतो, दिसायला सगळ्यांत देखणा; ओल्या फांदीचा चीक मात्र पात्याला चिकटतो, तेव्हा शेजारी तेलाचं फडकं ठेवावं. कडुनिंबाचा डाव आमटीला चालतो, खिरीला मी घालत नाही. चिंच आणि बाभूळ पहिल्या वर्षी बाजूलाच ठेवा, ते दगड आहेत.

मेस्त्रींच्या दारात सागवानाचे तुकडे फुकट पडलेले असतात, म्हणून हात तिकडे वळतो. वळू देऊ नका. ते वाळलेलं असतं, आणि सागवानात सिलिका असते, ती धार खाते. प्लायवूड, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, रंग लागलेलं जुनं लाकूड, यातलं काहीही तोंडात जाणाऱ्या वस्तूला नको. कण्हेर, शेर, बिब्बा यांच्या वाट्याला तर जाऊच नका. काजूचा चीकही अंगावर उठतो. चंदगडकडचा मित्र प्रेमानं काजूची फांदी देईल, त्याचे आभार मानून ती तिथेच ठेवून या.

फांदी साडेतीन ते चार इंच जाड, फूट-सव्वा फूट लांब, गाठी नसलेली हवी. त्याच दिवशी कोरायला बसणार नसाल तर तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये. आमच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी पेरूचं ओंडकं असतं, यावरून घरात जे बोलणं होतं ते इथे लिहीत नाही.

हत्यारं

तीनच लागतात: तासायला कोयता किंवा हातकुऱ्हाड, कोरायला सरळ सुरी, आणि वाटी खोल करायला वाकडी सुरी. स्वीडनमध्ये हा छंद मोठा आहे आणि तिथल्या मोरा कंपनीच्या सुऱ्या ऑनलाइन मिळतात. सरळ सुरी १०६ किंवा १२०, वाकडी १६४. पैसे घालायचे असतील तर चांगल्याच आहेत. पण मी वाकडी सुरी लोहाराकडून करून घेतली.

लोहाराला नुसतं "वाकडी सुरी पाहिजे" म्हणालात तर तो विळा करून देईल. पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. पातं अर्ध्या लिंबाच्या घेराइतकं वळलेलं, चार-पाच सूत रुंद (इंचाचे आठ सूत, हे नव्या पिढीसाठी), धार एकाच बाजूला. दुसऱ्या कडेला धार नको, कारण तिथे अंगठा टेकवून दाब द्यायचा असतो. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद उत्तम. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं विझवून कडक करताना, त्याला सांगा की पातं पातळ आहे. माझ्या पहिल्या पात्याला पाणी जास्त झालं आणि टोक काचेसारखं तुटलं. दुसऱ्याला कमी झालं तर धारच टिकेना. तिसरं आजही वापरतो. ज्या बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांसाठी लोखंड ओततात, तिथे अर्धवर्तुळाचं एक पातं मिळवायला तीन फेऱ्या पडल्या!

लोहार जवळ नसेल तर मेस्त्रींची गोल पटाशी आणि मोगरी (लाकडी हातोडा) चालते, फक्त तुकडा शिकंज्यात पक्का धरला पाहिजे. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी हा प्रकार करू नका.

धार

नवखे लोक लाकडाला दोष देतात, दोष बहुतेक वेळा धारेचा असतो. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा, सरळ सुरीचं पातं त्यावर सपाट टेकवून ओढा, मग १०००, मग २०००. वाकड्या सुरीसाठी उलटं: पेपर लाटण्यासारख्या गोल काठीवर गुंडाळायचा आणि पात्याच्या आतल्या बाजूनं फिरवायचा.

शेवटचा हात चामड्यावर. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. अथणी-निपाणीकडच्या चपला आपल्याकडे घरोघर. झिजलेल्या जोडाचा तळवा कापून फळीवर चिकटवा, त्यावर धातू चमकवायची हिरवी वडी घासा, आणि पातं मागे ओढत वीस वेळा फिरवा. पुढे ढकललं तर चामडं कापलं जाईल. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा, तेच हे.

धार झाली का हे कागद कापून बघू नका, कागद कशानंही कापला जातो. ओल्या लाकडाच्या टोकावर, म्हणजे जिथे रेषा उभ्या दिसतात तिथे, एक पातळ काप घ्या. कापलेली जागा चकाकली तर धार आहे. पांढुरकी, खरबरीत दिसली तर परत काचेवर.

कोरताना दर वीस मिनिटांनी चामड्यावर पाच-सहा हात द्यायचे. कंटाळा केला की जोर वाढतो, आणि जोर वाढला की अपघात होतो.

फांदी फोडणे आणि तासणे

फांदी उभी धरा, कोयत्याचं पातं बरोबर गाभ्यावर टेकवा आणि कोयत्याच्या पाठीवर मोगरीनं ठोका. करवतीनं कापू नका. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनं फुटतं, त्यामुळे दांड्यातली रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते आणि दांडा पुढे मोडत नाही. वाकडी फांदी असेल तर बाक बाजूनं दिसेल अशा बेतानं फोडा.

आता गाभा. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आटतं, आणि घेराच्या दिशेनं त्याच्या साधारण दुप्पट. गाभा मध्ये तसाच राहिला की घेर आवळला जातो, आतून जागा मिळत नाही, आणि लाकूड फाटतं. म्हणून फोडलेल्या सपाट बाजूवरून निदान तीन-चार सूत तासून गाभा पूर्ण काढून टाका. मधला तो मऊ, गडद ठिपका दोन्ही टोकांना दिसेनासा झाला पाहिजे. मी तो ठेवला होता, कारण तिथला रंग छान दिसत होता.

सपाट केलेल्या बाजूवर पेन्सिलीनं आकार काढा. पहिल्या डावाला माझं माप: एकूण लांबी अकरा इंच, वाटी पावणेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद, मान सहा सूत, दांड्याचं टोक एक इंच. मधोमध एक उभी रेघ मारून दोन्ही बाजू तिच्यापासून मोजा, नाहीतर वाटी एका अंगाला जाते आणि ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. तुकडा सव्वा इंच तरी जाड असू द्या.

तासायला गुडघ्याएवढ्या उंचीचा ओंडका घ्या. तुकडा वरच्या टोकाला धरायचा, कोयता खालच्या भागावर चालवायचा. धरलेला हात आणि पातं यांच्यात कायम वीतभर अंतर. वरचा भाग तासायचा असेल तर तुकडा उलटा करा, हात खाली नेऊ नका. पेन्सिलीच्या रेघेपासून एक सूत बाहेरच थांबा. मानेजवळ दोन्ही बाजूंनी करवतीचा छोटा काप आधी देऊन ठेवला, तर कोयता वाटीत घुसत नाही.

सुरीचं काम

लाकूड कोरताना दिशा हेच सगळं. नेहमी रुंद भागाकडून अरुंद भागाकडे जायचं, घाट उतरल्यासारखं. वाटीच्या सगळ्यांत रुंद जागेपासून मानेकडे, दांड्याच्या टोकाकडून पुन्हा मानेकडे. मान ही दरी, दोन्ही वाटा तिथे येऊन थांबतात. वाटीच्या रुंद जागेपासून पुढच्या टोकाकडे, तोही उतारच. दरीत पोचल्यावर पलीकडचा चढ चढायला गेलात की पातं रेषेखाली शिरतं आणि आख्खी ढलपी उचकटते. सुरी अडखळली, खर्र असा आवाज आला, तर जोर लावू नका, तुकडा फिरवा.

आपल्याकडे विळीची सवय आहे. पातं जागेवर, भाजी पुढे. सुरी हातात घेऊन कोरताना सगळं उलटं होतं, म्हणून सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं. सुरी धरायच्या दोनच पद्धती, म्हणजे धरणी, शिका. पहिलीत सुरीचा हात जवळजवळ हलत नाही. लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा सुरीच्या पाठीवर टेकवून तो अंगठाच पातं पुढे ढकलतो. अर्धा इंच, फार तर एक इंच सरकतं, आणि त्यातच सगळं नियंत्रण आहे. दुसरी बटाटा सोलल्यासारखी, पातं स्वतःकडे. या दुसरीत अंगठा पात्याच्या वाटेवर येऊ देऊ नका, लाकडाच्या कडेखाली दडवा. मला डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले ते याच धरणीत, आणि तेही रात्री अकराला, "एवढं एकच संपवतो" म्हणताना.

बसायचं कसं हेही महत्त्वाचं. दोन मांड्यांच्या मध्ये हात ठेवून कोरू नका. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते. सुरी निसटली तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. कोपर मांडीवर टेकवा आणि हात गुडघ्याच्या पलीकडे ठेवा. मुलं आणि मांजरं समोर नकोत.

वाटी खोल करायची ती रेषेला आडवं कोरत. वाकडी सुरी वाटीच्या मधोमध टेकवून उजवीकडून डावीकडे छोटा काप काढा, मग तुकडा फिरवून समोरून. खळगा हळूहळू कडेपर्यंत वाढवत न्या आणि कडेला एक सूत जागा सोडा. रेषेच्या दिशेनं सरळ खेचलं तर खळग्याच्या तळाशी ढलपी निघते, आणि ती जागा गुळगुळीत करता करता वाटी इतकी खोल जाते की एक दिवस पलीकडचा उजेड दिसतो. तीन ते चार सूत खोली पुरे. मधूनमधून डोळे मिटून अंगठा आत आणि तर्जनी बाहेर धरून वाटी चिमटीत फिरवा. जाडीतला फरक डोळ्यांना कळत नाही, बोटांना लगेच कळतो. तळाला दीड सूत, कडेला एक सूत.

वाटी आतून झाली की मगच बाहेरून पाठ गोल करा. मान वरून पाहताना बारीक चालेल, पण बाजूनं चांगली पाच सूत उभी ठेवा. घट्ट पिठलं घोटताना सगळा भार तिच्यावर येतो.

हे सगळं काम एका बैठकीत होत नाही. मध्येच उठायचं असेल तर अर्धवट डाव ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधा.

शेजारच्या काकू धारवाडच्या, घरात कन्नड. ओसरीवरच्या ढलप्यांचा ढीग पाहून त्यांनी विचारलं, "इतकी लाकडं कशाला वो?" मी म्हटलं, सौटू. हसल्या आणि म्हणाल्या, मग एक मलाही.

वाळवणे

इथे घाई म्हणजे गच्चीवरचा डाव. कोरलेला ओला डाव वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळा आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, कपाटात ठेवा. उन्हाळ्यात त्याच्या ढलप्यांसकट पिशवीत घालून तोंड अर्धं उघडं ठेवलं तर आणखी बरं. कागद दमट लागला की बदला. पावसाळ्यात अडचण उलटी: आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपड्यांनाही बुरशी धरते, तिथे आंब्याच्या डावाचं काय. तेव्हा दोन दिवसांनी कागद काढून टाका आणि चुलीच्या किंवा गॅसच्या ओट्यापासून चार हातांवर, उबेत ठेवा.

वाळला हे कसं कळणार? स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा आणि कागदावरच लिहा. माझा एक पेरूचा डाव पहिल्या दिवशी ९६ ग्रॅम भरला, बाराव्या दिवशी ६१. पुढे तीन दिवस काटा हलला नाही, म्हणजे वाळला. वाटी किंचित अंडाकृती होईल, दांडा केसभर वळेल. मेस्त्री आधी वाळवून घ्या म्हणाले होते, ते हे वाकडं होणं टाळायलाच. चौकटीत ते खपत नाही, डावात कुणाच्या लक्षातही येत नाही.

वाळल्यावर पुन्हा ताजी धार लावून सगळीकडून कागदाइतके पातळ काप घ्या. लाकूड आता कठीण असतं, काप छोटे घ्यावे लागतात, पण पृष्ठभाग चकचकीत होतो. हे जमेपर्यंत पॉलिश पेपर वापरायला काहीच हरकत नाही: १२०, १८०, २४०, ४०० या क्रमानं, रेषेच्या दिशेनं. मग डाव पाण्यात बुडवून काढा. वाळल्यावर लाकडाचे बारीक केस उभे राहतील, त्यावरून ४०० पुन्हा फिरवा. ही पायरी गाळली तर पहिल्याच भातात डाव खरखरीत होतो.

तेल

खोबरेल लावू नका. घरात असतं म्हणून सगळे तेच लावतात. पण खोबरेल वाळत नाही, आत तसंच राहतं आणि कालांतरानं खवट वास येतो. शेंगदाणा तेलाचं तेच. हवं ते वाळणारं तेल, म्हणजे जवस. कन्नड घरांत अगसी म्हणून त्याची चटणी करतात, आपल्याकडेही करतात. घाण्यावरचं खायचं तेल मागा. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात.

तेल कोमट करून सढळ हातानं चोळा, वीस मिनिटं मुरू द्या आणि उरलेलं कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. पुसायचं राहिलं तर चिकट थर बसतो. दोन-तीन दिवस हवेशीर उजेडात ठेवून दुसरा हात, मग तिसरा. पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: जवस वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

डाव वापरताना एकच पथ्य, मोरीत भिजत घालायचा नाही. लगेच धुवायचा, पुसायचा आणि उभा ठेवायचा. हळदीचा डाग पडणार, त्याला इलाज नाही. कोरडा, पांढरट दिसायला लागला की पुन्हा जवस. खानापूरच्या मातीच्या भांड्यात आमटी करत असाल तर असा डाव हवाच. स्टीलची पळी तळ खरवडते आणि आवाजानं दात आंबतात.

दुसरा डाव

पहिला जमला की दुसरा त्याच मापाचा करू नका, घरातल्या कामाचा करा. आमच्या जुन्या घरात आजीचं एक लाकडी उलथणं खुंटीला होतं, कुंदा, म्हणजे आमच्याकडची आटीव दुधाची मिठाई, घोटायचं. दूध आटवताना ते कढईच्या तळाला सारखं घासायचं, इतकं की पुढची कड एका अंगानं तिरकी झिजली होती, जवळजवळ बोटभर. मी ते फुकटचं जुनं म्हणून टाकायला निघालो होतो, आईनं अडवलं. "त्याच्याशिवाय तळ लागतो," म्हणाली. नवं सरळ कडेचं उलथणं कढईच्या गोलाईत बसत नाही, झिजलेलं बरोबर बसतं.

ते कागदावर ठेवून मी कडेनं पेन्सिल फिरवली आणि पुठ्ठ्याचा साचा कापला. आता फांदीवर आकार काढताना ती तिरकी कड पहिल्यापासूनच काढतो. बायको डावखुरी आहे. तिच्या उलथण्याला साचा उलटा करून ठेवायचा.